शुक्रवारची रात्र आणि वर्मांचं घर

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शहा गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर भरभरून लिहून आलं. ‘जाने भी दो यारो’मधलं त्यांचं प्रेत, ‘साराभाई’मधला इंद्रवदन आणि ‘ये जो है ज़िंदगी’मध्ये दर आठवड्याला नवं सोंग घेऊन येणारा त्यांचा तो अवलिया, सगळ्यांची आठवण निघाली. पन्नासहून जास्त भाग आणि प्रत्येक भागात वेगळी भूमिका, हा हिशेबही सर्वांनी मांडला. योग्यच झालं. मोठा नट होता. पण ती सगळी सोंगं ज्या माणसाच्या दिवाणखान्यात येऊन धुमाकूळ घालायची, त्या घरमालकाचं नाव बहुतेक ठिकाणी एका ओळीत, कलाकारांच्या यादीत, स्वल्पविरामांच्या मध्ये कुठेतरी होतं. काही ठिकाणी तेही नव्हतं.

घरमालकाचं मालिकेतलं नाव रणजित वर्मा. आणि त्याचं काम करणारे शफी इनामदार. तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, गाव पांगारी. जन्म १९४५ चा. आम्ही कोकणी मुसलमान. त्यामुळे वाचक म्हणतील, हा गाववाल्याचा कळवळा आहे. थोडासा आहे, नाकारत नाही. पण पहिल्या पर्वाची जी जादू लोक आजही आठवतात, तिचा शोध घ्यायचा तर या माणसापासूनच सुरुवात करावी लागते, असं आमचं प्रामाणिक मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी १९८४ हे वर्ष आठवावं लागेल.

त्या वर्षाची आठवण मुंबईच्या आणि ठाणे जिल्ह्याच्या मुसलमानांना मे महिन्यापासून आहे. भिवंडी पेटली ती मे मध्ये. तिथून आग कल्याण, ठाणे, मुंबईपर्यंत आली. ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर दिल्लीत शिखांचं जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरच्या दोन-तीन तारखेच्या रात्री भोपाळचा वायू. एका वर्षात एवढं. आणि याच वर्षी दूरदर्शनने देशाला हसायला शिकवलं, असं म्हटलं तर विचित्र वाटेल. पण घडलं तसंच.

मुंबईत दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला आलं. रंग आला १९८२ मध्ये, एशियाडच्या निमित्ताने. १९८४ मध्ये सरकारने देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा असा काही सपाटा लावला, की जिथे टपाल दोन दिवसांआड येई तिथेही अँटेना दिसू लागल्या. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींची लेखणी, बसेसर राम आणि बडकी-मझली-छुटकीचं कुटुंब, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार यांचं निरूपण. ही मालिका लोकांना काहीतरी शिकवण्यासाठीच जन्माला आली होती. कुटुंब लहान ठेवा, मुलींना शिकवा, दारू पिऊ नका. मेक्सिकोत मालिकांमधून लोकशिक्षण करण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता, तो आपल्याकडे आणला गेला. सोबत दुसरीही एक गोष्ट आली : प्रायोजक. खासगी निर्मात्याने मालिका बनवायची, एखाद्या कंपनीने पैसे द्यायचे आणि सरकारी पडद्यावर ती दाखवायची.

‘ये जो है ज़िंदगी’ त्याच वाटेने आली. निर्माते एस. एस. ओबेरॉय. प्रायोजक विको, म्हणजे पेंढारकरांची, परळमधून वाढलेली मराठी कंपनी. वज्रदंतीची जाहिरात संपली की हसायला तयार व्हायचं, हे आमच्या पिढीच्या अंगवळणी पडलं. शीर्षकगीत किशोर कुमार यांच्या आवाजात. लेखन शरद जोशी यांचं. दिग्दर्शनाच्या श्रेयात कुंदन शाह, आणि त्यांच्याबरोबर मंजुल सिन्हा, रमण कुमार ही नावं. आणि विशेष म्हणजे शेवटी कोणी येऊन बोध सांगत नव्हतं. अर्धा तास संपला की संपला.

मराठी प्रेक्षकाला घरगुती विनोद नवा नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्रावर चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ येऊन गेले होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आमच्या चाळीतही आवडीने पाहिले जात. पण चिमणराव हा जुन्या पुण्याचा, काळ्या टोपीचा माणूस. त्याच्यावर आपण बाहेरून हसायचो. रणजित वर्मा आजचा होता. ऑफिसला जायचा, साहेबाला घाबरायचा, घरी येऊन बायकोचं ऐकायचा.

गोष्टीची मांडणी म्हणावी तर एवढीशी. रणजित आणि रेणू हे नवरा-बायको. रेणूची भूमिका स्वरूप संपत यांची. १९७९ च्या मिस इंडिया, आणि तरीही शेजारच्या घरातली वाटावी अशी. रेणूचा भाऊ राजा, म्हणजे राकेश बेदी. शिकलेला, बेकार, बहिणीच्या घरी मुक्काम ठोकून बसलेला, दर आठवड्याला नव्या नोकरीच्या किंवा नव्या मुलीच्या मागे. शेजारी एक बंगाली जोडपं. टिकू तलसानिया यांचं ‘ये क्या हो रहा है?’ हे वाक्य तर गल्लीतली पोरं शाळेत मास्तरांच्या मागे म्हणू लागली होती. आणि दर शुक्रवारी दार उघडलं की सतीश शहा, कधी कोण तर कधी कोण.

बस. एक दिवाणखाना, एक सोफा, एक दार. पहिल्या पर्वाचं सगळं जग एवढ्यात मावलं होतं. एक थाप मारायची, ती झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी, आणि तेवढ्यात दारात जो नको तोच माणूस उभा. नाटकवाले याला काय म्हणतात ते ठाऊक आहे. पण शरद जोशींनी त्यात एक अशी गोष्ट घातली होती जी आयात केलेल्या विनोदात नसते. त्यांची माणसं पैशाअभावी खोटं बोलत नाहीत, अब्रूपायी बोलतात. मध्यमवर्गीयाची अब्रू ही किती लहानशा वस्तूत अडकलेली असते, हे त्यांना फार नेमकं कळलं होतं.

शरद जोशी यांच्याबद्दल इथे दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण आपल्या वाचकांना हा माणूस जवळचा वाटावा अशी कारणं आहेत. ते मूळचे उज्जैनचे, उमेदीची वर्षं भोपाळमध्ये काढलेले. हिंदीतले पहिल्या रांगेतले व्यंगकार. त्यांची पत्नी इरफाना सिद्दिकी, स्वतः लेखिका आणि रंगमंचावरच्या अभिनेत्री. पन्नाशीच्या दशकात असं लग्न करणं आजच्याइतकंच अवघड होतं, की आजच्यापेक्षा सोपं होतं, यावर आम्ही मित्रांत पुष्कळदा वाद घातला आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. जोशींचं ‘एक था गधा उर्फ अलादाद खाँ’ हे नाटक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल : नवाबसाहेब जनतेच्या प्रेमाचं प्रदर्शन करण्यासाठी अलादाद नावाच्या कोणा गरिबाच्या जनाज्याला खांदा द्यायचं जाहीर करतात, मग कळतं की मेला तो धोब्याचा गाढव, त्याचं नाव अलादाद. आता जाहीर तर झालंय. तेव्हा अलादाद खाँ नावाचा एक जिवंत माणूस शोधून काढला जातो. एका नावापायी माणूस मारला जातो. हे लिहिणारी लेखणी शुक्रवारी रात्री देशाला दिवाणखान्यातल्या गमती सांगत होती. ती बोथट झाली होती असं आम्हाला वाटत नाही. तिने म्यान घातलं होतं, इतकंच. पुढे नवभारत टाइम्समध्ये ते ‘प्रतिदिन’ हा स्तंभ रोज लिहू लागले तेव्हा म्यान निघालं. १९९१ मध्ये ते गेले.

कुंदन शाह यांचंही तसंच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा हा माणूस. १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ आज सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तेव्हा तो काही गर्दी खेचणारा चित्रपट नव्हता. त्यात डिमेलोचं प्रेत झालेले सतीश शहा होते. त्यात संपादिका शोभा झालेल्या भक्ती बर्वे होत्या. भक्ती बर्वे म्हणजे आपल्या ‘ती फुलराणी’, आणि शफी इनामदार यांच्या पत्नी. म्हणजे पाहा, ती सगळी एकमेकांना ओळखणारी, नाटक-सिनेमाच्या एकाच आळीतली मंडळी होती. पहिल्या पर्वातला मोकळेपणा तिथून येतो. ओळखीच्या माणसांत जसा गप्पांचा सूर लागतो तसा त्या दिवाणखान्यात लागला होता.

आता शफी इनामदार.

आडनावापासूनच गंमत सुरू होते. इनामदार हे आडनाव ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, मुसलमानांत आहे. कादंबरीकार ना. सं. इनामदारांमुळे मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे तर वेगळंच चित्र येतं. आमचे एक शिक्षक मालिकेच्या नामावलीत ‘इनामदार’ वाचून खूश झाले होते, आणि ‘शफी’ हे नाव त्यांच्या लक्षात पुढच्या आठवड्यात आलं. तरीही ते खूशच राहिले, हेही नोंदवून ठेवतो.

शफीभाईंचं बालपण मुंबईत, शाळा डोंगरी-उमरखाडीच्या भागातली, पुढे के. सी. कॉलेज. प्रवीण जोशींच्या हाताखाली गुजराती रंगभूमीवर काम, मग इप्टा. गुजराती, हिंदी, मराठी, इंग्रजी, चारही भाषांत नाटक केलेला नट आपल्याकडे विरळाच. १९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये ते इन्स्पेक्टर हैदर अली होते. ओम पुरींचा वेलणकर धुमसत असतो, आणि हा वयाने, अनुभवाने मोठा सहकारी त्याला थंड डोक्याने दुनियादारी शिकवतो. तेंडुलकरांची पटकथा आणि निहलानींचं दिग्दर्शन असल्यामुळे हैदर अलीला ना शेरवानी होती ना शेर. तो पोलीस होता, आणि मुसलमान होता, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच साध्या होत्या. वर्षभराने तोच नट रणजित वर्मा म्हणून घराघरात गेला.

त्यांच्या अंगी हिरोपण नव्हतं. जाडसर बांधा, मिशी, दमदार आवाज. विनोदी नट म्हटल्यावर जे हातवारे, जे तोंड वेडंवाकडं करणं अपेक्षित असतं त्यातलं काही नाही. त्यांचं काम होतं ऐकून घेण्याचं. राजा बडबडतो आहे, रेणू रुसली आहे, सतीश शहा कोणीतरी अचाट माणूस बनून सोफ्यावर पसरले आहेत, आणि शफीभाई पाहताहेत. एक क्षण. दुसरा क्षण. मग एकच शब्द, तोही हळू. हशा त्या शब्दाला यायचा. तबल्यावर एक जण ठेका धरून बसतो म्हणून दुसऱ्याला ताना घेता येतात. सतीश शहांच्या ताना कायम लक्षात राहिल्या, ठेका कोणाच्या लक्षात राहत नाही. पण ठेका चुकला असता तर?

पुढे मालिकेची मांडणी बदलली, माणसं आली-गेली, फरीदा जलाल यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री आली, तरी पहिल्या पर्वाची घडी पुन्हा बसली नाही असं जुने प्रेक्षक म्हणतात, त्याचं कारण आम्हाला इथे दिसतं.

हे सगळं आज सुचतं. त्या वेळी आम्ही चौदा वर्षांचे होतो आणि डोंगरीच्या एका चाळीत राहत होतो. चाळीतला पहिला रंगीत टीव्ही कुवेतला असलेल्या शेजाऱ्यांच्या घरी आला होता. शुक्रवारी रात्री तिथे दार लावायची सोय नसे. पुरुष मंडळी इशाची नमाज आटोपून येत. दादी सगळ्यात पुढे, जमिनीवर, तसबी हातात. जुम्म्याच्या रात्री तसबी आणि टीव्ही एकत्र, यावरून अब्बांनी एकदा टोकलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘आपल्या दापोलीचा पोरगा आहे, त्याला बघते, टीव्ही नाही बघत.’’ दादीने त्याला कधीही रणजित म्हटलं नाही. ‘‘शफी आज थकलेला दिसतो’’, ‘‘शफीची बायको फार खर्च करते’’, असं तिचं चाले.

आणि त्या गर्दीत आमचे मामू होते.

मामू भिवंडीचे. घरचे चार पॉवरलूम. मे मध्ये ते जळाले. माणसं वाचली, अल्लाहचे आभार. नानी आणि मामी-पोरं गावाकडे गेली, आणि मामू काम शोधायला आमच्याकडे आले. आठ दिवसांसाठी. आठ दिवसांचे आठ महिने झाले. आमची दीड खोली, त्यात आम्ही सहा जण, सातवे मामू. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते बाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत. काय झालं, असं कोणी विचारत नसे. अम्मी त्यांच्या ताटात पोळी वाढताना अब्बांकडे पाहत नसे. अब्बा गोदीत कारकून. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही, पण महिन्याच्या वीस तारखेनंतर त्यांचं न बोलणंही ऐकू येई.

बहिणीच्या घरी राहणारा बेकार भाऊ. वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

ते पहिल्यांदा मोठ्याने बोललं शेजारच्या घरातलं एक पोर. पडद्यावर राजा मुलाखतीला निघाला होता आणि हे पोर ओरडलं, ‘‘मामू! मामू चालला!’’ सगळी खोली हसली. दादी हसली. आम्ही हसलो. अब्बाही हसले, आणि ते हसल्यावर अम्मीचा चेहरा कसा झाला ते आम्हाला अजून दिसतं. मामूही हसले. भाग संपेपर्यंत बसले. पुढच्या शुक्रवारी ते खालच्या इराण्याकडे जाऊन बसले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शुक्रवारी रात्री जेवायलाही वर आले नाहीत.

विनोदाबद्दल लिहिणारे लोक ‘निखळ’ हा शब्द फार वापरतात. आम्ही तो तेव्हापासून वापरत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी दादीने अब्बांना खाली पाठवलं. जाताना तिने जे सांगितलं ते आम्हाला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण मालिकेची इतकी अचूक समीक्षा आम्ही नंतर कुठे वाचली नाही. ती म्हणाली, ‘‘त्याला सांग, शफी त्या पोराला रोज बोलतो, चिडतो, कपाळ बडवून घेतो, पण ‘घरातून नीघ’ असं कधी म्हणत नाही. म्हटलंय का एकदा तरी? बघ आठवून.’’

अब्बांनी बहुधा आठवून पाहिलं. मग ते खाली गेले. इराण्याकडे दोघांनी काय बोललं ते कळलं नाही. पाऊण तासाने वर आले. चौथ्या शुक्रवारी मामू दादीशेजारी बसले होते, आणि राजा पडद्यावर आला तेव्हा सगळ्या पोरांच्या आधी तेच ओरडले. आणि तेव्हापासून, आयुष्यभर ‘दुल्हेभाई’ म्हणणारे आमचे मामू अब्बांना राजाच्या थाटात ‘जीजाजी’ म्हणू लागले. अब्बाही मग शफीभाईंसारखं एक क्षण, दोन क्षण थांबून, हळूच ‘‘हं’’ म्हणत.

आज त्या भागांकडे पाहिलं (काही इंटरनेटवर सापडतात) तर दोष दिसतात. चित्रीकरण घाईचं. रेणूला घराबाहेर काही कामच नाही, आणि बायकांच्या खर्चिकपणावरचे, रुसव्यावरचे विनोद चाळीस वर्षांत शिळे झाले आहेत. बंगाली म्हणजे अमुक बोलणार, हेही ठरीव. ही नावं ठेवायची तर ठेवावीत. पण दादीने सांगितलेली गोष्ट अजून टिकून आहे. त्या घराचं दार कोणाला बंद नाही. कोणीही घंटा वाजवावी, कोणीही यावं, गोंधळ घालावा, यजमानाने वैतागावं, आणि अर्ध्या तासाने सगळे सोफ्यावर. १९८४ साली ज्यांची घरं जळाली होती, ज्यांना आपल्याच गल्लीत परत जायचं की नाही हे ठरत नव्हतं, त्यांना हे पाहायला का आवडलं असेल, ते आम्ही वेगळं काय सांगावं. भिवंडीतच नव्हे, दिल्लीतही ते दिसत होतं, भोपाळमध्येही.

आणि भाषा. दूरदर्शनची हिंदी त्या काळी बातम्यांतून आकाशवाणी झाल्यासारखी यायची. सिनेमातला मुसलमान दुसऱ्या टोकाचा, लखनवी, ‘तशरीफ’वाला. त्यापैकी कोणतीही भाषा आमच्या घरात बोलली जात नव्हती. वर्मांच्या घरातली हिंदी बोलणारे कोण? एक कोकणी मुसलमान, दोन-तीन गुजराती, एक पंजाबी; आणि लिहिणारा माळव्याचा. ती मुंबईची, कामाची, कोणाच्याही मालकीची नसलेली हिंदी होती. आमच्या अम्मीला ती पूर्ण कळायची.

मग एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या मंडळींत पूर्वीपासून विचारला जातो. तो दिवाणखाना वर्मांचा का होता? इनामदारांचा का नव्हता? नटाने स्वतःच्या नावाने त्या सोफ्यावर का बसू नये?

याला चटकन ‘कारस्थान’ असं उत्तर देणारे आहेत, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. नट दुसऱ्याचं नाव घेतो, तोच त्याचा धंदा. वर्मा हे आडनाव उत्तरेत इतकं सर्वसाधारण, की ते घेतलं म्हणजे ‘कोणीही’ असं म्हटल्यासारखं होतं. पण तिथेच तर मेख आहे. ‘कोणीही’ म्हणायचं असलं की जे नाव सुचतं ते एका बाजूचंच असतं. पुढची वर्षं पाहा. १९८६ ला ‘नुक्कड’ आली, पुन्हा कुंदन शाह, सोबत सईद मिर्झा. त्यात कादरभाई होता, अवतार गिल यांनी फार माणुसकीने केलेला, पण तो हॉटेलवाला, नाक्यावरचा. १९८८ ला ‘तमस’मध्ये फाळणीचा मुसलमान आला. त्याच वर्षी ‘मिर्ज़ा ग़ालिब’ आली, आणि तीत शफीभाई उस्ताद ज़ौक झाले. नसिरुद्दीन यांच्या ग़ालिबसमोर तेवढ्याच ऐटीत उभे राहिले. ‘गुल गुलशन गुलफाम’मध्ये काश्मीरचं हाउसबोटवालं कुटुंब होतं, तीही चांगली मालिका. १९९० ला टिपू सुलतान. म्हणजे इतिहासात आम्ही होतो, फाळणीत होतो, नाक्यावर होतो, सरोवरावर होतो. सोफ्यावर बसून बायकोशी विजेच्या बिलावरून भांडणारा, मेव्हण्याला कंटाळलेला, साहेबाला घाबरणारा मुसलमान कारकून नव्हता. आमच्या अब्बांसारखा. आणि तो प्रत्यक्षात होता तर! दर शुक्रवारी दिसत होता. फक्त त्याचं नाव वर्मा होतं.

आम्हाला यात रडगाणं गायचं नाही. उलट दादीचा मार्ग आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो. तिने नाव मनातल्या मनात बदलून घेतलं आणि पुढे बघत राहिली. पण दादीला ते करावं लागलं, हेही तितकंच खरं, आणि हिंदू घरातल्या दादीला ते करावं लागलं नाही. तिने शफीला वर्मा म्हणून सहज घरात घेतलं. तिला ठाऊकही होतं, तो कोण आहे ते. नामावलीत दर आठवड्याला नाव येत होतं. तेव्हा या बाजूनेही पाहावं : एका मुसलमान नटाला देशाने आपल्या दिवाणखान्याचा कर्ता पुरुष म्हणून पसंत केलं, नाव वाचून पसंत केलं, आणि १९८४ साली केलं. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवाव्यात, एकीसाठी दुसरी सोडू नये, असं आम्हाला वाटतं.

सिनेमाने शफीभाईंना पुढे बहुतेक वेळा पोलिसाची वर्दीच दिली. किती चित्रपटांत ते इन्स्पेक्टर होते त्याची मोजदाद करत बसण्यात अर्थ नाही. १९९५ मध्ये त्यांनी ‘हम दोनों’ दिग्दर्शित केला, ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन. चित्रपट लोकांना आवडला. आता कुठे दुसरी वाट सापडली असं वाटत होतं. १३ मार्च १९९६ ला ते हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय पन्नास. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर त्या रात्री विश्वचषकाची उपांत्य फेरी होती, भारत आणि श्रीलंका. लोकांनी बाटल्या फेकल्या, गॅलरीत आगी लागल्या, सामना थांबवून श्रीलंकेला दिला गेला आणि विनोद कांबळी रडत बाहेर आला. शफीभाई तो सामना टीव्हीवर पाहत होते. भक्तीताई २००१ मध्ये पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या.

दादी तोवर नव्हती. मामू केव्हाच भिवंडीला परतले होते, कर्जाने दोन लूम घेतले होते, नंतर आणखी दोन. आमच्याकडे फोन आला होता. त्या सकाळी घंटी वाजली, अम्मीने उचलला, आणि पलीकडून मामूंचा आवाज आला, ‘‘आपा, जीजाजी गेले.’’

अम्मीने चमकून समोर पाहिलं. अब्बा खुर्चीत बसून, चष्मा नाकावर घेऊन, त्याच सामन्याची बातमी वाचत होते.